वारामिंडात पंचवीस मिनिटं

बस पाऊण तास उशिरा होती. पोर्ट ऑगस्टा सोडून दोन तास झाले नाहीत तोच मागचं चाक फुटलं आणि डेस ड्रायव्हरला भर उन्हात रस्त्यावर उताणं पडून ते बदलावं लागलं. वारामिंडाच्या पेट्रोलपंपासमोर गाडी उभी केली तेव्हा बाहेर डिसेंबरचं चव्वेचाळीस डिग्री होतं आणि डेसच्या डोक्यात त्याहून जास्त.

"ऐका सगळे," तो मागे वळून म्हणाला. "एरवी इथं पन्नास मिनिटं थांबतो. आज पंचवीस. खा, प्या, मोकळे होऊन या. सव्विसाव्या मिनिटाला गाडी हलणार. मागे राहील त्यानं पुढच्या बसची वाट बघायची. ती परवा आहे."

तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसलेल्या अर्न पेनहॉलने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. आठवडाभर त्याने पन्नास मिनिटांचं गणित घोकलं होतं. चालत जायला वीस, यायला वीस, मधे दहा. त्र्याहत्तर वर्षांच्या गुडघ्यांना एवढं जमेल, असं तो धरून चालला होता. मांडीवर पावाच्या रिकाम्या पिशवीत प्लॅस्टिकच्या फुलांची जुडी होती. ती घट्ट धरून तो उठला आणि सगळ्यांच्या आधी खाली उतरला.

बायको, डल्सी, ऑगस्टमध्ये गेली. त्यानंतर दोनदा त्याने गॅस चालू ठेवून दार ओढून घेतलं, आणि ॲलिस स्प्रिंग्जहून मुलाने, ग्रेमने, फोनवर सांगून टाकलं, "बाबा, आता पुरे. इकडे या." तिकीटही त्यानेच काढून पाठवलं. तिकिटावर थांब्यांची नावं छापलेली होती. त्यातलं तिसरं नाव वाचून अर्न खुर्चीत बराच वेळ तसाच बसून राहिला होता. एकोणपन्नास वर्षांत ते नाव त्याच्या घरात कोणी उच्चारलं नव्हतं.

चौऱ्याहत्तर साली तो वारामिंडाच्या रेल्वेलाईनवर गँगमन होता. लग्नाला वर्ष झालेलं. पत्र्याच्या खोलीत दोघं राहायची. डल्सीला दिवस गेले होते आणि दोन महिने बाकी असतानाच कळा सुरू झाल्या. त्या दोन दिवसांत धुळीचं असं वादळ होतं की डॉक्टरचं विमान गावावर घिरट्या घालून परत गेलं. मुलगी सकाळी जन्मली आणि दिवे लागायच्या आत गेली. डल्सी नर्सच्या घरी तापाने फणफणत पडली होती. उन्हाळ्यात थांबून चालत नाही, म्हणून अर्नने आणि टली मुकादमाने फळ्या ठोकून खोकं केलं, खड्डा खणला आणि माती लोटली. डोक्याच्या बाजूला अर्नने रुळाचा एक मोठा खिळा घणाने ठोकला. बस, एवढीच खूण.

चार दिवसांनी ताप उतरल्यावर डल्सीने विचारलं होतं, "नाव काय ठेवायचं तिचं?"

"आता नाव कशाला?" तो म्हणाला होता. "नाव ठेवलं की जीव अडकतो. झालं ते झालं."

दहाव्या दिवशी बदली मागून घेऊन तो तिला पोर्ट ऑगस्टाला घेऊन गेला. निघताना तिने "कुठं आहे ती?" म्हणून विचारलं, तेव्हा त्याने "मागच्या कुंपणाशी, डाव्या कोपऱ्यात" एवढंच सांगितलं आणि वर म्हणाला, "आता हा विषय पुन्हा नको." तिने पुन्हा काढला नाही. ती विसरली, असं त्याला वाटलं. पुढे ग्रेम झाला, वर्षं सरली, आणि आपणही विसरलो असंच तो समजत होता.

पंपाला लागूनच खानावळ होती. आत गार हवा होती, तळणीचा वास होता आणि काउंटरवर वेल्डा नावाची पंचेचाळिशीची धिप्पाड बाई एका हाताने खिमा पॅटिस बांधत दुसऱ्या हाताने चहा ओतत होती. अर्न रांग सोडून पुढे घुसला.

"काका, रांग आहे. सगळ्यांनाच भूक लागलीय."

"मला खायला नको. दफनभूमीपर्यंत सोडेल का कोणी? आणि परत आणेल का?"

वेल्डाने मान वर केली. "पंचवीस मिनिटांत?"

"आता बावीस राहिली."

तिने त्याच्याकडे, मग त्याच्या हातातल्या फुलांकडे पाहिलं आणि खिडकीजवळच्या टेबलाकडे तोंड करून ओरडली, "मिर्को! कधीचा एका चहावर खुर्ची गरम करतोयस. ऊठ, यांना दफनभूमीत ने."

"न्यायला हरकत नाही. परत आणायचं की तिथंच ठेवायचं?" टेबलावरून आवाज आला आणि दोघं-तिघं हसले.

मिर्को सत्तरीचा होता. काटकुळा, हाताच्या रेघांत खाणीची माती कायमची बसलेली. त्याची पिकअप त्याच्याइतकीच जुनी होती. दार आतून उघडायचं नाही, म्हणून खिडकीतून हात बाहेर काढून उघडावं लागायचं.

"बस रे दोस्ता. पाय त्या दोरखंडावर ठेव, काही होत नाही. तुझा ड्रायव्हर डेस ना? फार भुंकतो तो. दोन-तीन मिनिटं थांबेल." गाडी सुरू करून त्याने विचारलं, "कोणाला भेटायचंय तिथं?"

"एक जुनी कबर बघायचीय. लहान मुलाची."

"लहान मुलांच्या सात आहेत. कुठली?"

"चौऱ्याहत्तर सालची."

मिर्कोचा पाय पेडलवरून सुटला. गाडी आपली आपण हळू झाली.

"डल्सीची?"

अर्नला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण मिर्को आता त्याच्याकडे पाहत होता, रस्त्याकडे नव्हे, आणि त्याच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर उजेड आल्यासारखा झाला होता.

"तू डल्सीकडून आलास? तिनं पाठवलं तुला? अरे मग आधी नाही का सांगायचं!" त्याने गाडी दामटली. "कोण तू तिचा?"

खरं बोलायला एक क्षण लागतो, आणि तेवढा क्षण अर्नकडे होता. पण तोंडातून निघालं ते असं: "शेजारी. शेजारी राहतो."

"नाव?"

"अर्न."

"बरं झालं आलास, अर्न. आता मला सांग, यंदा मेच्या दुसऱ्या आठवड्यात, ऊन उतरल्यावर, का नाही आली ती? वेल्डानं मागची खोली झाडून ठेवली होती. मी तीन दिवस बसच्या वेळेला पंपावर जाऊन बसलो. ती वेल्डा मला म्हणते, मिर्को, आता तू बसबरोबर लग्न कर. फोन नाही, पत्ता नाही, कळवणार कसं? पत्ता मागितला की म्हणायची, पत्ता कशाला, मी येतेच की दर वर्षी."

मे महिन्याचा दुसरा आठवडा. अर्न समोरच्या काचेवर मेलेल्या माश्यांकडे बघत राहिला. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात डल्सी पोर्ट पिरीला बहिणीकडे, आयरिसकडे, जायची. चार दिवसांचं जेवण करून फ्रीजमध्ये ठेवायची, डब्यांवर वार लिहून. आयरिस वारली त्यालाही सतरा-अठरा वर्षं झाली. त्यानंतरही डल्सी जातच राहिली. भाचीकडे, म्हणायची. भाचीचं घर कुठल्या गल्लीत आहे, हेही त्याने कधी विचारलं नव्हतं.

"किती वर्षं येत होती?" त्याने विचारलं.

"मी इथं आलो नव्वद साली. त्याच्या आधीपासून." मिर्कोने मान वळवली. "येत *होती* का म्हणतोस?"

दफनभूमीचं फाटक आलं होतं. मिर्कोने गाडी बंद केली, बाहेरून फिरून येऊन त्याचं दार उघडलं आणि समोर उभा राहिला.

"सांग."

"गेली ती. ऑगस्टमध्ये. पोटाचा कॅन्सर होता. मे महिन्यात ती हॉस्पिटलात होती."

मिर्कोने टोपी काढली. मग त्याच टोपीने तोंड झाकलं. त्याचे खांदे हलायला लागले. आवाज मात्र बाहेर आला नाही. अर्न बाजूला उभा राहिला. पत्नीच्या अंत्यविधीत तो रडला नव्हता. लोक म्हणाले होते, पेनहॉल खंबीर माणूस. आता समोर एक परका म्हातारा त्याच्या बायकोसाठी रडत होता आणि अर्नला हात कुठे ठेवावेत ते कळेना. त्याने फुलांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"चल," थोड्या वेळाने मिर्को म्हणाला. "तुझी बस आहे."

मागच्या कुंपणाच्या डाव्या कोपऱ्यात इतर कबरींवर तांबडी माती नि खारट झुडपं माजली होती. पण एकीच्या भोवती पांढऱ्या दगडांची नीट चौकट होती. वर चार खांबांवर पन्हळी पत्र्याची सावली केलेली होती. चौकटीच्या आत खाणीतले बिनकामाचे, पण रंगांनी चमकणारे दगडाचे तुकडे पसरले होते. रुळाचा तो खिळा जागचा हलला नव्हता. त्याला गंज लागला नव्हता, कोणीतरी वेळच्या वेळी काळा रंग देत होतं. त्याला टेकून एक पत्र्याची पाटी होती. पाटीवर हाताने रंगवलेलं होतं. ते अक्षर अर्नने फ्रीजमधल्या डब्यांवर आयुष्यभर वाचलं होतं.

हेस्टर. १९७४. सकाळ ते संध्याकाळ.

"हेस्टर," मिर्को म्हणाला. "नवऱ्याच्या आईचं नाव. तिनंच सांगितलं मला. सासूनं तिला फार जीव लावला होता म्हणे."

अर्नची आई हेस्टर पेनहॉल. लग्नात स्वतःच्या हातातली बांगडी काढून तिने डल्सीच्या हातात घातली होती. वारामिंडाची बातमी कळल्यावर ती तीन दिवसांचा प्रवास करून पोर्ट ऑगस्टाला आली आणि डल्सीशेजारी झोपली. दोघी काय बोलत असत, ते अर्नला माहीत नव्हतं. तो ड्यूटीवर होता.

"नवऱ्याबद्दल काय सांगितलं?" त्याने विचारलं. स्वतःचाच आवाज त्याला लांबून आल्यासारखा वाटला.

"फारसं नाही. रेल्वेत होता. कामाचा माणूस, दारूबिरू नाही. मेला बिचारा."

"मेला?"

"तुला माहीत नाही? शेजारी ना तू? पोरीला पुरलं त्याच दिवशी गेला म्हणाली. मी एकदाच विचारलं, कसा गेला म्हणून. ती म्हणाली, धुळीचं वादळ होतं. मग मी पुन्हा विचारलं नाही. गाडीबिडीखाली आला असेल."

अर्नला खाली बसायचं होतं, पण गुडघे वाकले असते तर पुन्हा उठता आलं नसतं. त्याने फुलं पिशवीतून काढली आणि ओणवं होऊन ठेवायला गेला, पण हात पोचेना. मिर्कोने ती त्याच्याकडून घेतली आणि दोन दगडांच्या फटीत नीट खोचली.

"प्लॅस्टिकचीच बरी," तो म्हणाला. "खरं काही टिकत नाही इथं."

गावाकडून हॉर्न ऐकू आला. एकदा, मग लांबलचक दुसऱ्यांदा.

परत जाताना मिर्कोच्या बोलण्याला खळ नव्हता. सांगायला इतक्या दिवसांनी कोणीतरी भेटलं होतं. सावलीचा पत्रा त्याने घातला, दगड त्याच्या खाणीतले. डल्सी आली की दोघं संध्याकाळी फाटकाबाहेर घडीच्या खुर्च्या टाकून बसत. ती त्याला लोणच्याची बरणी आणायची. एकदा त्याने तिला विचारलंही होतं, इथंच राहा म्हणून. ती हसली होती. म्हणाली होती, मला घरी कोणाचंतरी जेवण करावं लागतं.

"मुलाचं असेल," मिर्को म्हणाला. "मुलगा होता ना तिला?"

"हो."

"पोर्ट ऑगस्टात कुठं पुरलीय? मी येतो ईस्टरनंतर. गाडी एवढी लांब जाणार नाही, पण बसने येईन. तू मला दाखवशील?"

"मी तिथं नसेन. ॲलिसला चाललोय. कायमचा."

"मग ओळ सांग, नंबर सांग. मी शोधीन. दगड बसवलाय का? काय लिहिलंय त्यावर?"

दगड बसवला होता. दुकानदाराने पुस्तक पुढे केलं होतं, त्यातला मजकूर अर्नने बोट ठेवून निवडला होता. *डल्सी. अर्नेस्ट पेनहॉल यांची प्रिय पत्नी. सुखी सहजीवनाची पन्नास वर्षं.* हा म्हातारा बसने एवढा प्रवास करून जाईल, टोपी काढून उभा राहील आणि ते वाचेल.

पंप आता दिसत होता. बसच्या पायरीवर डेस कमरेवर हात ठेवून उभा होता. तीनशे-चारशे पावलं राहिली असतील.

"मिर्को," अर्न म्हणाला, "मी शेजारी नाही. मी तिचा नवरा."

मिर्को हसायला लागला. मग त्याने अर्नच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसणं तिथंच थांबलं. त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि उभी केली. इंजिन चालूच होतं.

"अर्न. म्हणजे अर्नेस्ट."

"हो."

"इतकी वर्षं तुम्ही जिवंत होतात."

इतका वेळ जिभेवर घोळणारं 'तू' गेलं होतं. अर्नच्या ते लक्षात आलं.

"मला माहीत नव्हतं, ती इथं येते ते. खरंच सांगतो. मी कधी—"

"विचारलं नाहीत."

"नाही."

"पाच तासांचा रस्ता. रेल्वेचा पास. एकदाही नाही."

अर्नने मान हलवली. सांगण्यासारखं त्याच्याकडे एकच होतं, की भीती वाटायची. पण ते त्याला स्वतःलाही आत्ताच कळलं होतं, आणि बस पुन्हा हॉर्न देत होती.

मिर्कोने खिडकीतून हात बाहेर काढून, त्याच्या अंगावरून वाकून, दार उघडलं.

"उतरा."

"मिर्को, बस समोर—"

"दिसतेय मला. उतरा तुम्ही."

अर्न उतरला. डांबर तव्यासारखं तापलं होतं आणि बुटांच्या तळव्यांतून चटके बसत होते. पाठीमागे पिकअप वळली आणि आल्या वाटेने परत गेली. तो चालायला लागला. माश्या डोळ्यांत, तोंडात जात होत्या, त्या हाकलायलाही त्याने हात वर केला नाही. मध्येच डावा गुडघा दगा देऊ लागला, तेव्हा तो रस्त्याच्या कडेच्या खांबाला धरून उभा राहिला. खांबही भाजत होता. बसच्या काचांमागचे चेहरे त्याच्याकडेच बघत होते.

डेस चार ढांगा पुढे आला. तोंड उघडलं होतं ते शिव्या द्यायलाच, पण अर्न जवळ आल्यावर त्याने दंडाला धरून त्याला पायरी चढवली आणि स्वतःची पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली.

"काका, एवढी कसली घाई होती मरायची?" तो हळू म्हणाला. "प्या आधी. सगळं प्या."

गाडी हलली. अर्नने खिडकीतून पाहिलं. दफनभूमीच्या फाटकापाशी पिकअप उभी होती, तिचं दार सताड उघडं होतं. झुडपांच्या वर पत्र्याची सावली चमकत होती, तिच्याखाली कोणी बसलेलं आहे की नाही ते एवढ्या लांबून दिसत नव्हतं. मग रस्ता वळला.

ॲलिसला ग्रेमने त्याला मागची खोली दिली. खिडकीतून पिंपळासारखं मोठं, निलगिरीच्या जातीचं गमचं झाड दिसायचं, संध्याकाळी त्यावर काकाकुव्यांचा गोंधळ चालायचा. अर्न सकाळी फिरून यायचा, दुपारी पेपर वाचायचा. वारामिंडाबद्दल तो काही बोलला नाही. ईस्टर आला आणि गेला. मिर्को पोर्ट ऑगस्टाला गेला असेल, दगड वाचला असेल, असं त्याच्या मनात रोज यायचं.

एप्रिल सरता सरता त्याने पत्र लिहिलं. पत्ता माहीत नव्हता म्हणून खानावळीच्या नावाने वेल्डाला पाठवलं. फार लिहिता आलं नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात यावं म्हणतो, दोन दिवस राहीन, तुमच्या मागच्या खोलीचं जे काही भाडं असेल ते देईन, मिर्कोला विचारून कळवा, एवढंच.

उत्तर तीन आठवड्यांनी आलं. मे महिना संपत आला होता. एका पोस्टकार्डावर वेल्डाने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: *काका, मिर्कोला विचारलं. तो म्हणतो, पोरीची देखभाल होतेय. यायची गरज नाही. मी पुष्कळ समजावलं त्याला, पण तो ऐकत नाही. तुम्ही तब्येत सांभाळा.*

ग्रेम स्वयंपाकघरात मटणाच्या चॉप्स तळत होता. पोस्टकार्ड त्यानेच पेटीतून आणलं होतं.

"वारामिंडाहून कोण तुम्हाला पत्र लिहितं, बाबा?"

अर्न दारात उभा होता. सत्तेचाळीस वर्षांच्या मुलाची पाठ त्याच्याकडे होती.

"तुला एक बहीण होती," तो म्हणाला. "तुझ्या आधी. एक दिवस जगली. हेस्टर नाव."

ग्रेमने गॅस बारीक केला. वळला नाही.

"ठाऊक आहे, बाबा."

"कसं ठाऊक?"

"मी नऊ वर्षांचा असताना आईबरोबर गेलो होतो. आयरिस मावशीकडे म्हणून निघालो आणि बस भलतीकडेच चालली. मी रडायला लागलो. आईनं बसमध्ये सगळं सांगितलं. तिथं मला पाटीला रंग द्यायला दिला तिनं." त्याने चॉप्स उलटल्या. "येताना शपथ घातली, तुम्हाला सांगायचं नाही."

"आणि माझ्याबद्दल? तिथं कोणी विचारलं तर काय सांगायचं?"

ग्रेमने हातातला चिमटा खाली ठेवला.

"बाबा नाहीत म्हणून सांगायचं," तो म्हणाला. "मी सांगितलंही एकदोघांना. त्या दिवशी झोपताना मला फार भीती वाटली. वाटलं, घरी जाऊ तेव्हा तुम्ही खरंच नसाल."

तेल तडतडत होतं. बाहेर काकाकुवे झाडावर उतरायला लागले होते.

"तुम्हाला जायचं असलं तर मी गाडीने नेतो," ग्रेम म्हणाला.

"नको म्हणतात ते."

"ते कोण ठरवणारे?"

अर्नने यावर विचार केला. पांढरे दगड, पत्र्याची सावली, काळा रंग दिलेला खिळा. त्यातलं त्याने केलेलं काय होतं, तर एक खिळा ठोकलेला.

"तेच ठरवणारे," तो म्हणाला.

ग्रेमने ताटं वाढली. अर्न टेबलाशी जाऊन बसला. चॉप्स चांगल्या झाल्या होत्या. त्याने दोन्ही खाल्ल्या आणि ताट उचलून स्वतःच धुवून ठेवलं.